दहावी आज्ञा आणि तंबूंत पुरलेलें सोनें

शास्त्रवाचन : निर्गम २०:१-१७, यहोशवा, अध्याय ७, रोमकरांस पत्र ७:७-१३



आमच्या पुष्कळ खेड्यांतील मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या रविवारीं दहा आज्ञा सर्वांनीं मिळून म्हणण्याची चाल आहे. ही चाल चांगली आहे; ती मोडूं नये. परंतु म्हणतांना काय घडतें हें आम्हीं अनेक वर्षें सर्वांपुढें उभे राहून ऐकिलें आहे. पहिल्या आज्ञेस आवाज मोठा असतो. खून, व्यभिचार, चोरी ह्या आज्ञांस तर तो आणखी चढतो, कारण बहुतेकांस वाटतें कीं, ह्या बाबतींत आपला हिशेब स्वच्छ आहे. दहावी आज्ञा येते तेव्हां दम सरलेला असतो, मुलें उठूं लागतात, बाया पदर सावरतात, आणि शेजाऱ्याचें घर, त्याची बायको, दास, दासी, बैल, गाढव हीं सर्व एका श्वासांत गुंडाळून आम्ही खालीं बसतों. जणूं काय नऊ आज्ञा देवाच्या, आणि दहावी ही शेवटीं जोडलेली पुरवणी!

ह्या पुरवणीविषयींच आज लिहावें असें मनांत आलें. पाप म्हणजे काय व पवित्रता म्हणजे काय, ह्या दोन्ही प्रश्नांची किल्ली आमच्या मतें ह्याच आज्ञेपाशीं ठेविलेली आहे.

इतर आज्ञा मोडल्या तर माणसें साक्ष देऊं शकतात. मूर्तीपुढें नारळ फोडला तर लोक पाहतात. शब्बाथ मोडला तर नांगर शेतांत दिसतो. चोरीचा पंचनामा होतो, खोट्या साक्षीस न्यायालयांत शिक्षा आहे. पण शेजाऱ्याच्या बैलाकडे कोणत्या डोळ्यांनीं पाहिलें ह्याचा पंचनामा कोणीं करावा? पृथ्वीवरील राजानें असा कायदा केला तरी तो चालविण्यास त्याच्याजवळ शिपाई नाहीं. ही आज्ञा तोच देऊं शकतो, जो अंतःकरण पाहतो. म्हणून ह्या एका आज्ञेवरूनच कळून येतें कीं, मागील नऊहि कोणीं दिल्या.

'पवित्र' हा शब्द आमच्या लोकांच्या कानांत सरळ शिरत नाहीं, आणि ह्याला कारण आहे. आमच्यांपैकीं पुष्कळांचे आजे-पणजे अशा घरांत जन्मले कीं, ज्यांच्या सावलीचा विटाळ होतो असें इतरांनीं ठरवून टाकिलें होतें. पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी, देवळाची पायरी दुरून पाहावयाची. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. परंतु शब्दाला लागलेला वास कायद्यानें जात नाहीं. 'पवित्र' म्हटलें कीं आम्हांस अजून सोवळें आठवतें : कोणी तरी दूर सरकणारा, कोणी तरी पाणी शिंपडणारा. आणि मग ख्रिस्ती झाल्यावर आपणहि पवित्र व्हावयाचें म्हणजे असेंच एखादें सोवळें नेसावयाचें अशी समजूत होते. दारू सोडली, जत्रा सोडली, अंगारा सोडला, रविवारीं धुतलेले कपडे घातले, झालें सोवळें. ह्या गोष्टी सोडल्या तें बरेंच केलें. पण देवाच्या शास्त्रांत पवित्रतेचा आरंभ तेथें होत नाहीं.

लेवीय एकोणिसावा अध्याय उघडा. देव स्वतः पवित्र आहे, म्हणून त्याच्या लोकांनींहि पवित्र असावें, असें तो मोशेच्या द्वारें सर्व इस्राएलास सांगतो. इब्री भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ वेगळा केलेला, देवासाठीं राखून ठेविलेला असा आहे. आणि हें वेगळेपण कशांत दिसावें? आईबापांचा मान राखण्यांत. शेत कापतांना कोपरे न कापण्यांत व गळालेल्या लोंब्या न वेंचण्यांत, म्हणजे गरीबाला व परक्याला कांहीं उरेल. मजुराची मजुरी रात्रभर आपल्या घरीं न ठेवण्यांत. बहिऱ्याला शिव्या न देण्यांत, आंधळ्याच्या वाटेंत अडखळण न ठेवण्यांत. लोकांत चुगल्या करीत न फिरण्यांत. तराजू, वजनें व मापें खरीं ठेवण्यांत. त्या अध्यायांत यज्ञाचे व दुसरेहि विधि आहेत. परंतु पवित्रतेची मोठी जागा देवानें शेतांत, खळ्यांत, बाजारांत आणि मजुराच्या हातांत दाखविली आहे. सोवळें माणसाला शेजाऱ्यापासून दूर नेतें. देवाची पवित्रता त्याला शेजाऱ्याच्या दारीं नेऊन उभें करिते, आणि तेंहि दिवस मावळण्यापूर्वीं, मजुरी हातांत देऊन.

आमच्या प्रभूनें हीच गोष्ट मार्क सातव्या अध्यायांत उघड केली. हात न धुतां जेवणाऱ्या शिष्यांवरून वाद निघाला, तेव्हां त्यानें दाखविलें कीं, बाहेरून पोटांत जाणारें माणसाला भ्रष्ट करीत नाहीं. अंतःकरणांतून निघणारें भ्रष्ट करितें. तेथें त्यानें जी यादी दिली तींत चोरी व खून ह्यांच्या बरोबरीनें लोभ बसविला आहे. आमच्या पंचायतींत लोभी माणसाला कोणी खुन्याच्या रांगेंत बसवीत नाहीं. बहुधा पंच म्हणूनच बसवितात.

येथें एक कडू गोष्ट लिहिणें भाग आहे. आपल्या पूर्वजांवर झालेला विटाळाचा जुलूम आम्हांस आठवतो; तरी आमच्याच कांहीं मंडळ्यांत 'ते अमक्या जातींतून आलेले, त्यांच्याशीं सोयरीक नको' असें बोललें जातें, आणि प्रभुभोजनाच्या वेळीं प्याल्याला आधीं कोणाचे ओंठ लागले ह्यावर डोळे असतात. हें वाचून कांहीं वाचक रागावतील. त्यांनीं खुशाल रागवावें. मात्र त्यापूर्वीं मार्काचा सातवा अध्याय एकदां वाचावा.

आतां आज्ञांच्या आरंभाकडे वळूं. त्या शिकवितांना पुष्कळ कॅटेकिस्ट बंधु पहिल्या आज्ञेपासून सुरुवात करितात, आणि निर्गम विसाव्या अध्यायाचें दुसरें वचन गळून जातें. त्या वचनांत देवानें अद्याप कांहीं मागितलेलें नाहीं. आपणच त्यांस मिसर देशाच्या दास्यांतून बाहेर काढिलें, एवढीच तो आठवण देतो. हा क्रम नीट पाहा. वल्हांडणाचें रक्त दाराला लागलें तें बाराव्या अध्यायांत, समुद्र ओलांडला तो चौदाव्यांत, रानांत मान्ना मिळाला तो सोळाव्यांत, आणि आज्ञा आल्या त्या विसाव्यांत. मिसर सोडून तिसरा महिना लागला तेव्हां ते सीनायाच्या पायथ्याशीं पोहोंचले होते. देवानें दगडी पाट्या मिसरांत पाठवून 'ह्या पाळून दाखवा, मग सोडवितों' असें म्हटलें नाहीं.

ऊसतोडीस जाणाऱ्या आमच्या बंधूंस हा भेद लवकर समजेल. मुकादम आधीं उचल देतो आणि मग ती सगळ्या हंगामभर अंगांतून काढून घेतो. देवाची कृपा ही उचल नव्हे. ती वसूल करण्यासाठीं त्यानें आज्ञा दिल्या नाहींत. मिसरांत असतांना त्या लोकांचा स्वतःचा देहहि स्वतःचा नव्हता. आतां त्यांस शेत मिळणार होतें, घर मिळणार होतें, शेजारी मिळणार होता. सुटलेल्या माणसानें शेजाऱ्याजवळ कसें राहावें, हें त्यांस कोणी तरी शिकवावयास हवें होतें.

म्हणून दहाव्या आज्ञेंत ज्या वस्तु सांगितल्या आहेत त्या राजवाड्यांतील नाहींत, खेड्यांतील आहेत. घर, बायको, घरचीं कामकरी माणसें, बैल, गाढव. पोळ्याच्या संध्याकाळीं शेजाऱ्याची खिल्लारी जोडी शिंगें रंगवून वेशींतून जाते, आणि आपण ओट्यावर बसून ती पाहतों. बैलांची पूजा आम्ही करीत नाहीं, तिचा मोह आम्हांस नाहीं. पण बैल तर दिसतातच. आपल्यालाहि चांगली जोडी असावी, असें वाटणें हें पाप नव्हे. त्यासाठीं राबावें, पैसा सांठवावा, देवाजवळ मागावें. पाप कोठें सुरू होतें? चांगला बैल हवा होता, त्याऐवजीं त्याचाच बैल हवासा वाटूं लागतो, तेथें. ह्याची एक खूण आम्ही वाचकांस सांगतों. आठ दिवसांनीं कोणी येऊन सांगितलें कीं, त्या जोडींतील एक बैल लंगडूं लागला, तर तें ऐकून आपल्या आंत कांहीं सुखावलें कां? सुखावलें असेल तर दहावी आज्ञा मोडलेली आहे. गोठ्याचें दार आपण कधींहि उघडलें नसलें तरी.

आतां आखानाची गोष्ट. ती घाईनें वाचावयाची नाहीं.

यरीहो नगर पडलें. त्यांतील सोनें, रुपें, पितळ व लोखंड परमेश्वराचें, बाकीच्या लुटीस कोणीं हात लावूं नये, असा स्पष्ट हुकूम होता. पुढें आय नांवाचें लहानसें नगर होतें. हेरांनीं सांगितलें, येथें सगळें सैन्य कशाला, दोनतीन हजार पुरेत. सुमारें तीन हजार गेले आणि पळून आले. छत्तीस माणसें पडलीं. यहोशवा कपडे फाडून कोशापुढें संध्याकाळपर्यंत पालथा पडला. देवानें त्याला म्हटलें कीं, ऊठ. पाप घडलें आहे, चोरलेलें सामानांत लपविलेलें आहे. आणि उद्यांसाठीं सर्व लोकांनीं आपणांस पवित्र करावें, असा त्यानें हुकूम दिला.

ह्या 'उद्यां' शब्दापाशीं आम्ही नेहमीं थांबतों. देवाला नांव ठाऊक होतें. तो त्याच घडीस तें सांगूं शकला असता. त्यानें एक रात्र मध्यें ठेविली. त्या रात्रीं सबंध छावणींत पवित्र होण्याची तयारी चालली असेल, आणि आखानहि त्यांत सामील झाला असेल. नाहीं तर घरच्यांस संशय आला असता. पुरलेल्या जागेवरच अंथरूण घालून तो निजला कीं काय, हें शास्त्र सांगत नाहीं. पण ती रात्र त्याच्याकरितांच होती. छत्तीस घरांतून रडणें ऐकूं येत असतांहि तो उठून यहोशवाच्या तंबूकडे गेला नाहीं. सकाळीं निवड सुरू झाली : आधीं वंश, मग कूळ, मग घराणें, मग एकेक माणूस. प्रत्येक पायरीस पुढें येण्यास वाव होता. तो तेव्हांहि आला नाहीं. त्याला आणावें लागलें.

मग त्यानें कबूल केलें, आणि कबूल करतांना पापाची सबंध वाट सांगितली. एक सुंदर शिनारी झगा, दोनशें शेकेल रुपें व पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट त्यानें पाहिली. त्यांचा त्याला लोभ सुटला. तीं त्यानें घेतलीं. तंबूंत जमिनींत पुरलीं. शेकेल सुमारें अकरा ग्रॅमांचा धरला तर रुपें सव्वादोन किलो आणि सोनें अर्ध्या किलोहून कांहीं अधिक भरतें. गरीबाला ही रक्कम लहान नाहीं. 'लोभ सुटला' ह्या अर्थानें तेथें जें इब्री क्रियापद आहे, तेंच निर्गमांतील दहाव्या आज्ञेंत आहे. मीखा संदेष्टा दुसऱ्या अध्यायांत दुसऱ्यांचीं शेतें बळकावणाऱ्यांविषयीं बोलतो, तेथेंहि तेंच. आणि एदेन बागेंतील झाड हव्वेला इष्ट दिसलें, त्या शब्दाचेंहि मूळ तेंच. आठवी आज्ञा मोडली ती हात पुढें गेला तेव्हां. दहावी त्याच्या आधींच मोडून पडली होती, आणि तिचा आवाज कोणालाहि ऐकूं आला नाहीं.

त्या झग्याचा उपयोग तरी काय झाला? एक दिवसहि तो अंगावर घालतां आला नाहीं. शिवाय पुढचा अध्याय वाचा : आय नगर दुसऱ्या वेळीं पडलें, तेव्हां तेथील लूट व गुरें लोकांनीं घ्यावीं अशी देवानें स्वतःच परवानगी दिली. थोडे दिवस थांबला असता तर आखानालाहि आपला वांटा उजळ माथ्यानें मिळाला असता.

कोणी विचारील, त्याच्या मुलाबाळांचें काय? सबंध घराणें दगडांखालीं गेलें, हें वाचून आम्हांसहि धस्स होतें. बापाच्या पापासाठीं मुलांस मारूं नये, असा नियम अनुवाद २४:१६ मध्यें आहेच. एका तंबूंत राहणाऱ्यांस जमीन उकरलेली कळली नसेल काय, असें कांहीं टीकाकार म्हणतात. त्यांत अर्थ आहे, पण त्यानें मन पुरतें निवत नाहीं. ह्याचें सोपें उत्तर आमच्याजवळ नाहीं, आणि असल्याचें सोंग आम्ही करीत नाहीं. एवढें मात्र रोज दिसतें कीं, बापाचा लोभ बापापाशीं थांबत नाहीं. कर्जाचा कागद मुलाच्या नांवें येतो.

पौल प्रेषित हा नियमशास्त्रांत निष्णात परूशी. नीतिमत्त्वाच्या बाबतींत आपण निर्दोष होतों, असें तो फिलिप्पैकरांस उघड लिहितो. मूर्तिपूजा नाहीं, चोरी नाहीं, शब्बाथ पाळलेला. अशा माणसाला पाप कळलें तें कोणत्या आज्ञेनें? रोमकरांस लिहितांना तो दहाव्या आज्ञेचेंच नांव घेतो. नऊ आज्ञांपुढें तो ताठ उभा होता. दहावीनें त्याला आडवें केलें. आणि आणखी एक चमत्कारिक गोष्ट तो सांगतो. आज्ञा कळल्यावर लोभ कमी होण्याऐवजीं जागा झाला. ह्यांत आज्ञेचा दोष नाहीं. शेंकडों वर्षांपूर्वींचा मंडळीचा थोर गुरु ऑगस्टीन आपल्या आत्मवृत्तांत लिहितो कीं, लहानपणीं त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं शेजारच्या झाडाचीं नासपतीचीं फळें रात्रीं चोरलीं; भूक नव्हती, घरीं त्यांहून चांगलीं होतीं, बहुतेक डुकरांस टाकिलीं. मना केलेलें करण्यांतच गोडी होती. आमच्या गांवांतील बोराटीखालीं हा प्रकार दरसाल पाहावयास मिळतो.

याकोब आपल्या पत्रांत देवाच्या वचनास आरशाची उपमा देतो. आरशांत तोंड मळलेलें दिसतें. पण मळ काढण्यासाठीं कोणी आरसा तोंडावर घासीत नाहीं. त्यासाठीं पाणी लागतें. आज्ञा पाठ म्हणून अंतःकरण शुद्ध होत नाहीं. तें शुद्ध होतें देवाच्या पुत्राच्या रक्तानें, असें योहान पहिल्या पत्रांत शिकवितो, आणि पाप पदरीं घेणाऱ्यालाच तें मिळतें. म्हणून आरसा टाकून देऊं नये. पाण्याकडे जाण्याची निकड त्यानेंच उत्पन्न होते. हायडेलबर्ग येथें १५६३ सालीं छापलेल्या प्रश्नोत्तरावलींत, दहाव्या आज्ञेच्या प्रश्नानंतर लगेच असें शिकविलें आहे कीं, ह्या जन्मीं अत्यंत पवित्र माणसांच्या आज्ञापालनाचाहि केवळ लहानसा आरंभच होतो. हें वाचून कोणीं आळशी होऊं नये, आणि कोणीं निराशहि होऊं नये.

आतां घरची गोष्ट. आमच्या देखरेखीखालील एका मंडळींत दोघे सख्खे भाऊ आहेत. वांटणींत विहिरीची बाजू धाकट्याकडे गेली. पुढें तीन नांगरटींत दोघांमधील बांध वीत-वीत करून धाकट्याच्या शेतांत सरकला. हद्दीचा दगड एका पावसाळ्यांत 'वाहून' गेला. आमच्या पूर्वजांच्या काळीं शिवेचा तंटा पडला म्हणजे महाराची साक्ष प्रमाण मानीत. सगळें गांव ज्यांस दूर ठेवी, त्यांचाच शब्द शिवेवर चाले. तीं वतनें १९५८ च्या कायद्यानें गेलीं, आणि त्यांतील जुलूम गेला हें उत्तमच झालें. पण शिवेचा दगड राखणाऱ्यांच्या वंशजांनीं आपल्याच भावाचा दगड हलवावा, हें पाहून आम्हांस मोठी लाज वाटली. आम्हीं आठव्या आज्ञेवर उपदेश केला. दोघांनींहि माना डोलावल्या. प्रत्येकाच्या मनांत दुसरा होता.

दुसऱ्या वर्षीं त्याच मंडळींत आम्हीं आखानावर बोललों. दिवेलागणीच्या सुमारास थोरला भाऊ आमच्या बिऱ्हाडीं आला आणि बराच वेळ कांहीं न बोलतां बसून राहिला. मग म्हणाला, "पाळकसाहेब, बांध कोराया तीन वरसं लागली. पन त्याच्या आदी पाच वरसं मी त्यो डोळ्यानं खात व्हतो. हिरीवर पानी भराया गेलो की खात व्हतो." आम्ही प्रार्थना करावयास गुडघे टेंकणार, तोंच त्यानें विचारिलें, "तुमी आमाला सांगता. तुमच्या तंबूत काय न्हाई का?"

त्यानें तें उद्धटपणें विचारिलें नव्हतें. पण आम्हांस उत्तर देतां येईना.

आम्ही तरुणपणीं एका खेड्यांत कॅटेकिस्ट होतों. शेजारच्या खेड्यांतील बंधूच्या अहवालाची सभेंत नेहमीं वाहवा होई. आम्हांस त्याचा बैल नको होता, घर नको होतें. आम्हांस त्याचा आंकडा हवा होता. एका तिमाहीस आमच्या उपासनेस सव्वीस माणसें बसत असतां आम्हीं एकेचाळीस लिहिलीं. पंधरा माणसें कागदावर जन्मलीं. त्या आंकड्यावर विसंबून वडील मंडळींनीं रात्रीच्या शाळेचा मास्तर दुसऱ्या एका वस्तीवरून काढून आमच्याकडे पाठविला. त्या वस्तीवर खरोखर तीस मुलें येत होतीं. दोन वर्षें तेथें कोणी मास्तर गेला नाहीं. आम्हीं कोणाला मारिलें नाहीं; परंतु आय नगराचा अध्याय वाचतांना त्या तीस मुलांची रांग आमच्या डोळ्यांपुढें उभी राहते, आणि ती उभी राहावयासच पाहिजे.

थोरल्या भावाला आम्हीं तें सर्व त्याच रात्रीं सांगितलें. त्यानंतरच दोघांनीं गुडघे टेंकले. पुढील सभेपूर्वीं आम्हीं वडील मंडळींस पत्र लिहिलें आणि तें सभेंत वाचलें गेलें. कोणी रागें भरलें नाहीं, ह्याचीच आम्हांस जास्त लाज वाटली. मुलें मोठीं होऊन गेलीं होतीं. कांहीं जणांस अजून सही करतां येत नाहीं. कबुलीनें पापाची क्षमा होते, हें आम्ही मनापासून मानितों व गाजवितों. गेलेलीं दोन वर्षें परत येत नाहींत, हेंहि लिहून ठेविलें पाहिजे.

कॅटेकिस्ट बंधूंस दोन शब्द. १९०५ सालीं केडगांवच्या मुक्ति मिशनांत, पंडिता रमाबाईंच्या आश्रमांत, जें मोठें जागृतीचें काम झालें, त्यांत मुलींनीं व बायांनीं रडून आपापलीं पापें कबूल केलीं, हें तुम्हीं ऐकिलें असेल. तशी जागृति आपल्या मंडळींत व्हावी अशी प्रार्थना जरूर करावी. पण सभेंत उभें करून दुसऱ्याच्या तंबूंतील जमीन खणूं नये. दहावी आज्ञा एकाएकाशीं, शेताच्या बांधावर किंवा चुलीपुढें बसून शिकवावी, आणि शिकविणाऱ्यानें आधीं आपली जमीन उकरावी. कबुलीबरोबर परतफेडहि सांगावी. लेवीय सहाव्या अध्यायांत घेतलेली वस्तु व तिच्यावर पांचवा हिस्सा परत देण्याचा नियम आहे. जक्कयानें चौपट देऊं केलें. जो चोरी करीत होता त्यानें श्रम करून गरजवंताला द्यावें, असें इफिसकरांस लिहिलें आहे. लोभ धरलेला हात देण्यासाठीं उघडला म्हणजे तो पुन्हां मिटणें कठीण जातें. बायांच्या सभांत ही आज्ञा दागिन्यांवर व लग्नाच्या खर्चावर बोलतांना घ्यावी. पुरुषांच्या सभेंत बांध, विहिरीची पाळी व दुसऱ्याच्या मुलाला लागलेली नोकरी ह्यांवर.

आखानाला ज्या खोऱ्यांत शिक्षा झाली, त्याचें नांव आखोर, म्हणजे संकटाचें खोरें, असें पडलें. शेंकडों वर्षांनीं होशेय संदेष्ट्यानें आपल्या दुसऱ्या अध्यायांत त्या खोऱ्याचें नांव पुन्हां घेतलें आहे. तेंच खोरें देव आशेचें दार करील, असें तो सांगतो. दगडांची ती रास हालली नव्हती; तिच्या शेजारूनच दार निघणार होतें. थोरल्या भावाला आम्हीं त्या रात्रीं शेवटीं हाच अध्याय वाचून दाखविला.

त्यानें सरकारी मोजणी आणविली, बांध जुन्या जागीं नेला आणि पांचव्या हिश्शाप्रमाणें स्वतःची जमीन आणखी आंत सोडली. धाकटा म्हणाला, "हातभर रान दिऊन मला इकत घेतो का?" तो उपासनेस येतो, पण भाऊ ज्या बाजूस बसेल त्या बाजूस बसत नाहीं, आणि गेल्या दोन्ही खेपांस प्रभुभोजन न घेतांच उठून गेला. त्याची विहीर, त्याचा बांध, सर्व त्याचें त्याला मिळालें आहे. तरी त्याच्याहि तंबूंत कांहीं पुरलेलें आहे, असें आम्हांस वाटतें. तें काय, हें त्यानें अद्याप सांगितलेलें नाहीं. वाचकांनीं त्या दोघां भावांसाठीं प्रार्थना करावी. नांवें देवाला ठाऊक आहेत.